विहीणबाईंचं फोटोतलं कुंकू

आमच्या ह्यांना पन्नाशीत फोटोचा नाद लागला. या वयात लोकांना शुगर निघते, कुणाचे गुडघे धरतात, तेव्हा मी आधी देवीचे आभारच मानले. बेंबळीत आमचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीचे दिवस सोडले तर दुकानात बसूनच राहावं लागतं, आणि बसलेल्या माणसाच्या हातात हल्ली मोबाईल असतोच. त्या मोबाईलवर एक गृहस्थ हिंदीतून फोटोग्राफी शिकवायचे. कुणी युरियाला आलं की हे त्याला हातानंच थांब म्हणून खुणवायचे आणि धडा पुरा ऐकूनच उठायचे. पुढं धाराशिवच्या एका फोटोवाल्यानं धंदा गुंडाळला, आणि त्याचा जुना कॅमेरा आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात येऊन बसला.

त्या हिंदी गृहस्थांनी शिकवलेलं सगळं हे रात्री जेवताना मला शिकवत. फोटोच्या चौकटीचे मनातल्या मनात उभे तीन आणि आडवे तीन भाग करायचे. माणूस मधोमध उभा करायचा नाही, बाजूच्या रेघेवर करायचा. उरलेली जागा मोकळी सोडायची, फोटोला श्वास घ्यायला. आणि कडेला जे काही लुडबुडतंय ते निर्दयपणे काढून टाकायचं. मी म्हटलं, हे सगळं आधी आपल्या माळ्यावर करून दाखवा. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

आमच्या भागात फोटो काढायची रीत साधी आहे. सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, हात सरळ सोडायचे आणि कॅमेऱ्याकडं रोखून बघायचं. शेजारच्या काकांना ह्यांनी पहिल्यांदा रेघेवर उभं केलं आणि फोटो दाखवला, तर काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की मला असं कोपऱ्यात का दाबलंय, आणि उरलेल्या जागेत कोण येणार होतं. येणार कुणी नव्हतं, ती जागा श्वासाची आहे, असं ह्यांनी सांगितलं. काकांनी तो फोटो घेतला नाही.

दुसरं वेड आलं ते सिलेक्टिव्ह कलरचं. म्हणजे मोबाईलवर बटण दाबून सगळा फोटो काळा-पांढरा करायचा आणि त्यातला एकच रंग शिल्लक ठेवायचा. बघणाऱ्याची नजर बरोबर तिथंच जाते म्हणे. पहिला प्रयोग माझ्यावर झाला. मी चुलीवर भाकरी करतेय, लाल लुगडं, लाल जाळ, बाकी सगळं करडं, असं ह्यांच्या डोक्यात होतं. लाल रंग ठेवला. माझं लुगडं निघालं मरून, ते बटणाला लाल वाटलं नाही. जाळ पिवळट निघाला. फोटोत झळाळून उठला तो माझ्या मागचा गॅसचा सिलिंडर. मग ह्यांनी मोर्चा शेळीकडं वळवला. आमच्या जिल्ह्याची शेळी मुळातच काळी कुळकुळीत. तिचा रंग काढायला गेलं तर काढायला काही नाही आणि ठेवायला गेलं तर ठेवायला काही नाही. हे तासभर बटणं दाबत बसले आणि शेळी होती तशीच राहिली. मी पदरात तोंड घालून हसले, ते मात्र त्यांना बरोबर ऐकू गेलं.

या सगळ्यात एक गोष्ट ह्यांच्या ध्यानात आली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. हिंदी गृहस्थांच्या गावाकडं काय असेल ते असो, आमच्याकडं माणूस काळ्या-पांढऱ्या फोटोत जातो तो एकदाच. चौकात फ्लेक्स लागतो तेव्हा. वाढदिवसाचा फ्लेक्स रंगीत, गॉगलसकट, आणि दुसरा फ्लेक्स बिनरंगाचा. लांबून बोर्ड दिसला तरी पेढे न्यायचे की दुखवट्याचा टॉवेल न्यायचा हे माणसाला कळतं.

अशात अक्काच्या लेकीचं लग्न आलं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ती आमच्याच गल्लीत राहते. लेक रांगत होती तेव्हाच तिचे मालक गेले, आणि मग शिवणकाम करून तिनं एकटीनं पोर वाढवली. स्थळ तेरचं मिळालं, घरची शेती, माणसं बरी. कन्यादानाला जोडपं लागतं, तेव्हा ते आम्ही दोघांनी केलं. अक्का हळदीपासून वरातीपर्यंत कोठीच्या खोलीत किल्ल्या सांभाळत बसली होती. कुणी तिला तिथं बस म्हणालं नव्हतं. बसू नको असंही कुणी म्हणालं नव्हतं.

पगारी फोटोवाला होता, तरी हे गळ्यात कॅमेरा अडकवूनच मांडवात उतरले. मंगलाष्टकांच्या वेळी मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. हे राहिले, आणि तिथूनच फोटो काढत राहिले. त्यामुळं आमच्या भाचीच्या मंगलाष्टकांचे पुष्कळ फोटो आहेत आणि सगळे तिच्या अंबाड्याचे आहेत. गुरुजींनी दोनदा डोळे वटारले. ह्यांनी त्या वटारलेल्या डोळ्यांचाही फोटो काढला.

पण एक फोटो खरोखर चांगला आला होता, तो सूनमुखाचा. सासू नव्या सुनेला शेजारी बसवून आरशात तिचं तोंड बघते आणि तिला साखर भरवते, त्या घडीचा. आरसा धरलेला भाचीचा हात, कोपरापर्यंत हिरवा चुडा, शेजारी वाकलेल्या विहीणबाई. कुणी कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं, म्हणूनच तो चांगला आला असणार. फोटोवाल्याचा अल्बम यायला वेळ होता आणि पाहुणे फोटो-फोटो करत होते. तेव्हा ह्यांनी रात्रभर बसून त्या फोटोचं सोनं करायचं ठरवलं.

सगळं काळं-पांढरं केलं आणि फक्त हिरवा चुडा ठेवला. त्या हिरव्यासोबत मागचा प्लास्टिकचा पिंपही हिरवा राहिला, म्हणून ती बाजू कापली. त्या बाजूलाच विहीणबाईंचे मालक, म्हणजे आमचे इवाई, उभे होते. ते लुडबुडीत गेले. मग डाव्या अंगाला मोकळी काळी जागा सोडली, फोटोच्या श्वासासाठी. शेवटी चेहऱ्यावरचे डाग काढायचं एक बटण असतं ते दाबलं. भाचीची मुरमं गेली. विहीणबाईंच्या हनुवटीवरचा तीळ गेला, आणि कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू, जे आता करडा ठिपका झालं होतं, तेही डाग समजून त्या यंत्रानं पुसून टाकलं. हे ह्यांच्या लक्षात आलं नाही. ते चुड्याकडं बघत होते, कारण बघणाऱ्याची नजर बरोबर तिथंच जाते.

सकाळी फोटो दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. पहिलं उत्तर आलं, ‘छान’. दुसरं कुणाचं तरी जोडलेल्या हातांचं आलं. एकदा हात जोडले गेले की मग मागचे काही वाचत नाहीत. लगोलग हातांची रांग लागली. तुळजापूरकडच्या एकानं लिहिलं, धीर धरा. एकानं विचारलं की माती कधी आहे. फोटोत उघड्या कपाळाच्या विहीणबाई होत्या, शेजारी मालक नव्हते, आणि डाव्या बाजूला नाव, गाव नि दुःखाच्या दोन ओळी लिहायला पुरेल एवढी काळी जागा होती. इवाई गेले, याशिवाय कुणाला काय वाटणार? कळस म्हणजे खुद्द इवायांनी चष्मा न लावता ग्रुप उघडला, आणि सगळे देतायत म्हणून त्यांनीही भावपूर्ण श्रद्धांजली देऊन टाकली.

दुपारी विहीणबाईंचा फोन आला. ह्यांनी स्क्रीनवर नाव बघितलं आणि दुकानामागच्या गोदामात, सुपर फॉस्फेटच्या पोत्यांच्या पलीकडं जाऊन बसले. मी फोन घेतला आणि सांगितलं की ते माती परीक्षणाला शेतावर गेलेत. पलीकडून आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. विहीणबाई एवढंच म्हणाल्या की फोटो बघितला, आणि फोन ठेवला. गोदामातून ह्यांनी विचारलं, काय म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची कला त्यांना पोचली.

ह्यांनी ग्रुपवरून फोटो काढला, पण तोवर तो कुठल्या कुठं गेला होता. पुढचे दोन महिने तेरहून साधा निरोपही आला नाही. भाची फोनवर बोलायची, पण सासूचा विषय आला की फोन ठेवायची. आणि मग नागपंचमी जवळ आली.

लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करायची असते. माहेरहून कुणीतरी मुराळी म्हणून जातं, भाऊ किंवा मामा, आणि लेकीला घेऊन येतं. अक्कानं कधीपासूनच तयारी चालवली होती. लेकीसाठी मोरपंखी साडी घेऊन फॉल लावून ठेवली होती. लाह्यांची ज्वारी निवडून ठेवली होती. गल्लीतल्या लिंबाला झोका बांधायचा म्हणून दोर आणायला तिनं ह्यांना चारदा आठवण केली होती. आणि पंचमीला आठवडा राहिला असताना भाचीचा फोन आला. तिनं अडखळत सासूचा निरोप सांगितला, “फोटोतलं माझं कुंकू आणून द्या, मग सून न्या.”

घडी घातलेली साडी अक्कानं पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. मला त्या वेळी ह्यांचा असा राग आला की कॅमेरा आडात टाकावा वाटला. अक्का कधी बाहेर गेली नाही, हौस केली नाही, तिच्याजवळ मागायला ही एकच गोष्ट होती, आणि ती ह्यांच्या एका बटणानं अडली होती. पहिली पंचमी पुढच्या वर्षी करता येत नाही.

ह्यांनी मूळ रंगीत फोटो शोधून काढला, धाराशिवला नेऊन मोठा करून घेतला आणि काचेची चौकट बसवली. आम्ही दोघं एसटीनं तेरला निघालो. मी बजावलं होतं की कॅमेरा घरी राहील. बस सुटल्यावर पिशवीत हात घातला तर भुईमुगाच्या शेंगांखाली तो लागलाच. म्हटलं, आता बाहेर निघाला तर तुमचाही फोटो लागेल, चौकात, बिनरंगाचा. ह्यांनी शेंगा पुन्हा नीट वर सारल्या.

विहीणबाईंनी चहा दिला, पाणी दिलं, पण समोर बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. ह्यांनी कागद सोडून फोटो त्यांच्या हातात दिला. रंगीत फोटोत त्यांचं कुंकू ठसठशीत होतं, तीळही होता. पण कापलेला भागही परत आला होता. मागं हिरवा पिंप, त्यावर उलटं घातलेलं पातेलं, आणि त्याला टेकून इवाई. त्यांनी एका कानाला मोबाईल लावला होता, दुसऱ्या कानात बोट घातलं होतं आणि तोंड उघडं होतं. इवाई खुर्चीतून उठून बघायला आले आणि म्हणाले की यापेक्षा श्रद्धांजलीचा बरा होता.

विहीणबाई हसल्या. आधी नाकातून, मग चांगल्याच हसल्या, पदर तोंडाला लावून. मला वाटलं सुटलो. ह्यांना तर एवढं सुटल्यासारखं वाटलं की ते चौकटीचे तीन भाग समजावून सांगायला लागले, आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला. पण विहीणबाई हसता हसता थांबल्या आणि माझ्यासमोर खाली येऊन बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. फोटो गेल्यावर पुष्कळ फोन आले, तेवढं त्यांनी सोसलं. पण तुळजापूरच्या त्यांच्या मावसबहिणीकडं देवीचा गोंधळ होता. सवाष्ण म्हणून जेवायचं आवतन त्यांना लग्नाआधीच मिळालेलं होतं. त्या बहिणीनं फोन करून, तुम्ही आता कशाला दगदग करता, असं म्हणून ते गोड बोलून मागं घेतलं. खरं काय ते तिला कळलं तोवर दुसरी सवाष्ण जेवून गेली होती. फोन आला तेव्हा मालक समोर बसून बशीतून चहा पीत होते.

“जित्या माणसाकडं कुणी बगत न्हाई, इहीणबाई,” त्या म्हणाल्या. “कपाळ बगतेत. म्या दोन महिने लई चिडले तुमच्या मालकावर. मंग एक दिवस मनात आलं, माझं एका फोटोनं असं झालं, तर तुमच्या अक्काचं इतकी वर्षं कसं गेलं असंल.”

मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला, की ही गोष्ट आमच्या घरात कुणाला न सुचता पाव्हण्यांच्या घरात सुचावी.

“सगळं लगीन झालं, पर पोरीची आई मला मांडवात दिसली न्हाई,” त्या म्हणाल्या. “सून द्यायला माझी ना न्हाई. पर मुराळी म्हणून तुमी न्हाई यायचं, मामानं न्हाई यायचं. पोरीच्या आईनं सोता यायचं. त्या आल्या तर पोरगी जाईल, न्हाई तर पंचमी हितंच.”

आम्ही परत आलो आणि अक्काला सांगितलं. ती आधी नाहीच म्हणाली. सणावाराला, नव्या सोयऱ्याच्या दारात, माझं पाऊल कशाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक तुमच्या लेकीला झोका देणार नाहीत, तो तुम्हालाच द्यायचाय. तरी ती ऐकेना. दोन दिवस असे गेले. शेवटी तिसऱ्या दिवशी पहाटे ती पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, तेरची गाडी कुठं बदलायची. अंगावर तिची नेहमीचीच, बिस्किटी रंगाची साडी होती. हे तिला स्टँडवर सोडायला गेले, आणि परत आल्यावर कुणाशी न बोलता दोर घेऊन लिंबावर चढले. पन्नाशीचा माणूस झाडावर चढलाय म्हणून बघायला गल्ली जमली, आणि कुणी तरी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. त्यात हे मधोमध आले होते आणि पाय चौकटीबाहेर राहिले होते.

मी दिवसभर घड्याळाकडं बघत होते. तिथं काही वेडंवाकडं झालं तर, कुणी काही बोललं तर, अक्का अर्ध्या वाटेतून परत फिरली तर. दिवे लागायच्या आधी रिक्षा आली. आधी भाची उतरली, हिरव्या चुड्याची, नुसती बडबड करत. मग अक्का उतरली. तिच्या पदरात काहीतरी जड होतं आणि तो तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. तांदूळ होते, नारळ होता. विहीणबाईंनी तिची ओटी भरली होती. आणि कपाळाला कुंकू लावलं होतं. लहानसं नाही, त्यांच्या स्वतःच्या मापाचं, रुपयाएवढं.

गल्लीतल्या दोघी-तिघी दारात आल्या होत्या, त्यांच्या नजरा तिच्या कपाळावर गेल्या. अक्का खाली बघून तडक आमच्या घरात शिरली. मी मागोमाग गेले आणि पाणी आणते म्हणाले. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ओटीचा पदर अजून धरलेला होता, आणि ती धापा टाकत होती, गाडीत बसून आलेली असूनही.

मग ती भावाला म्हणाली, “तुजा कॅमेरा आण. आत्ता काढ. तोंड धुवायच्या आत.”

ह्यांनी कोनाड्यातून कॅमेरा काढला. रेघ नाही, श्वास नाही, काही नाही, सरळ तिच्यासमोर उभे राहिले. पहिला फोटो हलला. दुसरा काढला. अक्का आमच्या भागाच्या रितीप्रमाणं रोखून कॅमेऱ्याकडं बघत होती. भाची दारात उभी होती.

अक्कानं कॅमेरा मागितला आणि त्या छोट्या काचेत स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कॅमेरा भावाकडं दिला, ओटी देवापुढं ठेवली आणि न्हाणीत गेली. तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी राहिले. ती आली तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते, पाय ओले होते. तोंडाला तिनं पाणी लावलेलं नव्हतं.